नावाचा रकाना : मॉरिशसच्या मराठी घराण्यांचा माग काढताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नावही एका तोंडचे नाही. आईन-इ-अकबरीत इथला परगणा ‘योत-लोहारा’ म्हणून आला आहे. पुढे ‘येवत’ला ‘महाल’ चिकटला, महालाचा ‘माळ’ झाला. इंग्रज साहेबाच्या स्पेलिंगात त्याचे ‘येओटमाल’ झाले आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे रेल्वेच्या व टपालाच्या कागदांवर ते तसेच राहिले. नाव सांगणारा एक, ऐकणारा दुसरा आणि लिहिणारा तिसरा असला की काय होते, हे समजायला आम्हाला दूर जावे लागत नाही. तरीही या लेखात मला दूर जायचे आहे, थेट हिंदी महासागरातल्या मॉरिशसला. नावे बिघडतात ती ऐकणाऱ्याच्या कानामुळे, असे आपण धरून चालतो. मॉरिशसच्या मराठी घराण्यांची नावे पाहिल्यावर माझा हा समज डळमळला.

निमित्त तसे ताजे आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या दौऱ्यावर होत्या. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा तेव्हा झाली. सातवी पिढी म्हटली की दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेही कागदाच्या आधाराने. हौसेखातर चाललेला पूर्वजांचा शोध त्यामुळे एकदम गरजेचा झाला. या शोधात पहिला प्रश्न हमखास असा असतो : ‘आमचे आडनाव अमुकजी. रत्नागिरी जिल्ह्यात या आडनावाचे लोक कोणत्या गावात आहेत?’ उत्तर असते, कोणत्याच नाही. आपल्याकडचा माणूस मग हळहळतो, ‘अरेरे, बिचाऱ्यांची आडनावे पार बिघडून गेली.’ ही हळहळ मला चुकीची वाटते. तिच्यामुळे शोधही चुकीच्या दिशेला जातो.

आधी थोडा इतिहास, कारण मॉरिशसचा मामला दुहेरी आहे. १७१५ पासून १८१० पर्यंत हे बेट फ्रेंचांचे होते आणि त्याचे नाव ‘ईल द फ्रान्स’. १८१० मध्ये इंग्रजांनी ते घेतले, पण शरणागतीच्या करारात तिथल्या रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे मान्य केले. राज्य इंग्रजांचे, उसाचे मळे फ्रेंच वंशाच्या मालकांचे, दिवाणी कायदा गव्हर्नर डेकानने आणलेला नेपोलियनचा, आणि रस्त्यावरची बोली क्रिओल, अशी ही व्यवस्था होती. गुलामगिरी संपत आल्यावर मळ्यांवर मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे तिथल्या धक्क्यावर उतरली. हाच धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

इथे एक आडवळण. त्या पहिल्या तुकडीतल्या लोकांना त्या काळच्या कागदांत ‘धांगर’ म्हटले आहे. हा शब्द पाहून आपल्याकडचा उत्साही वाचक त्यांना मराठी धनगर ठरवू शकतो. ते होते छोटा नागपूरच्या पठारावरचे आदिवासी. कलकत्त्याच्या कागदांत त्या मुलखातून आलेल्या मजुरांना सरसकट हा शब्द लावत. नाव कागदावर अगदी स्वच्छ लिहिलेले असूनही वाचणारा फसतो, याचे हे सोपे उदाहरण.

मराठी माणसे गेली ती मुंबई बंदरातून. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईहूनही मॉरिशसला मजूर नेण्याची परवानगी मिळाली. जाणाऱ्यांत मोठा भाग कोकणचा होता, म्हणजे रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचा. बिहारी भोजपुरी लोकांच्या मानाने त्यांची संख्या थोडी, पण भाषा, भजन आणि गणपती यांच्या बळावर समाज टिकला. हेन्रिएटा गावात भिवाजी घराण्याने १८९६ साली गणेशचतुर्थीची पहिली पूजा केली, असे तिथे सांगितले जाते. आज तो सण मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे.

मॉरिशसवरच्या मराठी लेखांत पूजेचे वर्णन भरपूर असते. आरत्या, मोदक, नऊवारी, ‘सातासमुद्रापार जपलेली संस्कृती’, सगळे असते. मला थांबावेसे वाटते ते ‘भिवाजी घराणे’ या दोन शब्दांपाशी. भिवाजी हे काही घराण्याचे नाव नव्हे. तो कुणाचा तरी बाप, आजा किंवा पणजा असणार. गावात त्याला ‘भिवा’ म्हणून हाक मारत असतील. एका माणसाचे हाक मारायचे नाव वंशाच्या डोक्यावर जाऊन बसले. हे कसे घडले, हा माझ्या मते मॉरिशसच्या मराठी इतिहासातला सगळ्यात बोलका प्रश्न आहे, आणि आमच्या प्रवासवर्णनांनी तो कधी विचारलाच नाही.

कादंबरीने तो विचारला, हे मान्य करायला हवे. अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीत गाझीपूरकडचा गाडीवान कालुआ गिरमिट्या होऊन ‘आयबिस’ जहाजावर चढतो. कागदावर त्याचे नाव उतरते ‘मॅडो कोल्व्हर’. पुढच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’ची (२०११) सुरुवात मॉरिशसमध्ये होते आणि तोवर कोल्व्हर नावाचे मोठे कुटुंब तिथे उभे राहिलेले असते. एका कारकुनी चुकीतून वंश सुरू होतो, ही कल्पना घोष यांनी मोठ्या मजेने आणि मायेने रंगवली आहे. वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता काहीतरी हरवल्याची जाणीवही होते.

तरी माझी एक तक्रार आहे. घोष यांनी सगळा भार कानावर टाकला. देशी उच्चार, परका कान, आणि त्यातून निघालेला विनोद. कादंबरीला हे शोभते. पण मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांच्या ज्या नोंदवह्या जपल्या आहेत, त्यांची मांडणी पाहिली तर गोष्ट निराळी दिसते. तिथे प्रत्येक माणसाला एक क्रमांक आहे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही आहेत. स्पेलिंगे वाकडीतिकडी असली तरी मराठी डोळ्याला ती बहुधा ओळखू येतात. ‘जी’ला ‘जे’ आणि दोन ‘ई’, ‘उ’ला दोन ‘ओ’, ‘र’वर ‘ह’ची उगाच गर्दी, एवढेच. भिवाजी हा भिवाजीच राहिला आहे. त्यात काहीच बिघडलेले नाही.

बदलला तो रकाना. नोंदवहीत नाव आणि बापाचे नाव असे दोन रकाने होते. आडनावाचा रकानाच नव्हता. कोकणातल्या त्या माणसाला आडनाव नव्हते असे नाही. कुणी राणे असेल, कुणी परब, कुणी गावडे. पण गावात ते सांगण्याची वेळ सोयरीक जमवताना किंवा मानपानाच्या वेळीच येई. नाव विचारले की तो नाव सांगे आणि फार तर बापाचे नाव जोडे. आपल्या जुन्या कागदांतही ‘रामजी बिन सखोजी’ असेच लिहीत. मजूर जहाजातून उतरला तेव्हा कागदावर फार मोठी चूक झालेली नव्हती.

पेच पडला तो पुढे, तिथे मूल जन्मल्यावर. मूल जन्मले की त्याची नोंद फ्रेंच वळणाच्या दिवाणी दप्तरात व्हायची. या दप्तराला दोन गोष्टी लागत : घराण्याचे नाव आणि व्यक्तीचे नाव. बापाजवळ कागदावर होते ते एकच नाव, म्हणून तेच घराण्याचे झाले. मराठी रीतीने दर पिढीला मधले नाव पुढे सरकते. आजोबाचे नाव नातवाच्या नावातून गळते आणि आडनाव तेवढे टिकते. मॉरिशसमध्ये ही साखळी एका पिढीपाशी गोठली. त्या वेळी जो बाप होता तो कायमचा आडनाव होऊन बसला. भोजपुरी घरांतही हेच झाले. रामगुलाम काय किंवा जगन्नाथ काय, बिहारच्या गावात ही माणसांची नावे. मॉरिशसच्या राजकारणात ती घराण्यांची आडनावे.

केवळ धार्मिक विधीने झालेल्या लग्नाला दिवाणी नोंदीशिवाय कायद्याची मान्यता नसे. मांडवात लागलेले लग्न दप्तरात न लागल्यामुळे मुलांच्या नोंदी आणखी गुंतत. कागद आणि घर यांच्यात पडलेली ही फट शोध घेणाऱ्याला जन्मभर पुरते.

फ्रेंच कायद्याला नावांच्या बाबतीत एवढा कडकपणा आला कुठून? १५३९ च्या व्हिले-कोत्रे फर्मानाने फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सक्तीच्या केल्या. क्रांतीच्या धामधुमीत, २३ ऑगस्ट १७९४ रोजी, जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरे नाव कुणी वापरू नये असा कायदा झाला. ‘आमच्यात असे म्हणतात’ या सबबीला त्या कायद्यात जागा नव्हती. गंमत अशी की त्याआधीच्या काळात समुद्रापार गेलेली फ्रेंच माणसे स्वतः ‘असे म्हणतात’च्याच आधाराने जगत होती. क्वेबेक आणि अकेडिया या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींत ‘दि’ नावांची मोठी चाल होती. ‘दि’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. आपल्या कागदांतला ‘ऊर्फ’. फौजेत भरती झालेल्या शिपायाला टोपणनाव मिळे : कुणी ‘लाफ्लर’, म्हणजे फूल, कुणी ‘सां-सूसी’, म्हणजे बेफिकीर, कुणी ‘झोलीकर’, म्हणजे दिलदार. शिपाई फौज सोडून शेतकरी होई आणि ‘अमुक दि लाफ्लर’ अशी त्याची नोंद होई. पुढच्या पिढीत एक भाऊ मूळ नाव लावी, दुसरा टोपणनाव. दोघांची नातवंडे एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या आडनावांनी बसत.

तिथेही इंग्रज आले आणि तिथेही, १७७४ च्या क्वेबेक कायद्याने, फ्रेंच दिवाणी कायदा कायम राहिला. मॉरिशसच्या १८१० च्या कराराची आठवण व्हावी इतके हे साम्य आहे. पण अकेडियातले फ्रेंच १७५५ मध्ये घरादारासकट हाकलले गेले आणि विखुरले. न्यू इंग्लंडच्या मुलखात पोहोचलेल्या फ्रेंचांपैकी ‘लब्लां’चा ‘व्हाइट’ झाला, ‘ब्वाव्हेर’चा ‘ग्रीनवुड’. म्हणजे नावाचे चक्क भाषांतर! क्वेबेकमध्ये मात्र आबे तांग्वे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश छापला. आज एखाद्या क्वेबेकी माणसाने पूर्वजाचे ‘दि’ नाव सांगितले की मूळ नाव सापडण्याची बरीच आशा असते, कारण ‘दि’ने दोन्ही नावे एका ओळीत ठेवली. मॉरिशसच्या मराठी माणसाच्या वाट्याला असा ‘ऊर्फ’ आला नाही. कारकुनाने ‘भिवाजी ऊर्फ राणे’ असे काही लिहून ठेवले असते तर आजचे निम्मे काम वाचले असते.

आता पुन्हा आमच्याकडे. बेटावर घडलेली ही गोष्ट आगळी नाही, हे मला आमच्या जिल्ह्यातल्या नावांनीच पटवले. पांढरकवडा, वणी, झरी या तेलंगणाला लागून असलेल्या तालुक्यांत ‘वार’ शेवटाची आडनावे भरपूर आहेत. मामीडवार या आडनावात तेलुगूतला ‘मामिडी’, म्हणजे आंबा, बसला आहे. आणि ‘वार’ हा तेलुगूतला ‘वारु’, म्हणजे ‘त्या घरची मंडळी’. तेलुगू रीतीने घराचे नाव आधी येते, माणसाचे नंतर. मराठी शाळेच्या हजेरीपटाने ते उचलून शेवटी ठेवले. पैनगंगेच्या अल्याड जो बंजारा माणूस राठोड म्हणून नोंदला जातो, त्याचे भाईबंद पल्याड तेलंगणात भूकिया लिहितात. गोत एकच, दप्तरे दोन. वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांचे ‘नाईक’ हे आडनाव म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचे पद. पदाचे आडनाव होणे आणि शिपायाच्या टोपणनावाचे आडनाव होणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. गोंडांच्या मडावी, आत्राम, कुमरे या नावांमागे तर किती देवांचा सगा याचा पुरा हिशेब आहे. सरकारी अर्जातल्या ‘आडनाव’ या रकान्यात तो कुठला मावायला!

हे पाहिल्यावर आपल्या कुलवृत्तांत-वाङ्मयाविषयी बोलणे भाग आहे. विसाव्या शतकात मराठीत कुलवृत्तांतांची मोठी परंपरा उभी राहिली. त्यामागची चिकाटी वादातीत आहे. पत्रे पाठवून, गावे हिंडून, वंशवेली जुळवून ही मंडळी खपली. पण त्या सगळ्या इमारतीचा पाया एकच : आडनाव स्थिर आहे. आडनाव, गोत्र, मूळ पुरुष, मूळ गाव, या क्रमाने शोध चालतो. ज्यांच्या घरी हे चारही तयार होते त्यांचेच कुलवृत्तांत झाले. ज्याचे आडनाव कुणी विचारले नाही, ज्याचा मूळ पुरुष एका नोंदवहीत क्रमांक बनून उभा आहे, त्याला ही पद्धत उपयोगाची नाही. मॉरिशसहून येणाऱ्याला आपण हीच पद्धत हातात देतो आणि मग ‘काही लागत नाही’ म्हणून परत पाठवतो.

त्याने शोध उलटा घ्यायला हवा. आधी क्रमांक, मग बापाचे नाव, मग गाव. आडनाव आलेच तर सगळ्यात शेवटी. गावाचे स्पेलिंग मोठ्याने वाचावे, डोळ्याने नव्हे. जिल्ह्याच्या रकान्यात ‘रत्नागिरी’ असेल तर आजचा सिंधुदुर्गही त्यात धरावा, कारण तो १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी तेव्हा संस्थान होते, म्हणून तिथले कागद इंग्रजी मुलखाच्या कागदांत मिळतीलच असे नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचे घर असेल तर हेळव्यांना विचारावे. बैलावर बसून दारोदार जाणारे आणि घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हे लोक त्या भागात अजून आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचा मला विशेष भरवसा वाटतो. तिथे यात्रेकरू आपल्या गावाचे, बापाचे, भावांचे नाव स्वतः सांगतो आणि लिहिणारा त्याच्याच भाषेत लिहितो. घर सोडून ‘कुठेतरी बेटावर’ गेलेल्या भावाचा उल्लेख अशा ठिकाणी सापडला तर सापडेल.

आडनाव परत मिळवून काय करायचे, असेही कुणी विचारील. प्रश्न योग्य आहे. पाच-सहा पिढ्या जे नाव लावले, ज्या नावाने गणपती बसवला, ते आता खोटे म्हणायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. भिवाजी हे आडनाव तितकेच खरे आहे जितके नाईक किंवा मामीडवार. खोटी आहे ती आपली समजूत, की खरे नाव कोकणातल्या एखाद्या गावात जसेच्या तसे जपून ठेवले आहे आणि यांचे तेवढे मोडके. त्या गावात राहिलेल्या भावाचेही नाव नंतर खोताच्या, तलाठ्याच्या, शाळामास्तराच्या हातून गेलेच की.

स्त्रियांच्या बाबतीत तर हिशेब उलटाच निघतो. फ्रेंच दप्तरात बाई लग्नानंतरही माहेरच्या नावाने नोंदली जाई. क्वेबेकमध्ये तांग्वेला वंशवेली जुळवता आल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे. आणि १९८१ पासून तर तिथल्या कायद्याने लग्नानंतर जन्मनावच कायम ठेवले. आपल्याकडे बाईचे आडनाव जाते, मधले नाव जाते आणि पुष्कळदा पहिले नावही जाते. कुलवृत्तांतात ती नवऱ्याच्या नावाखाली एका ओळीत येते. मोक्याच्या नोंदवहीत मात्र गिरमिट करून गेलेल्या बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे. तिचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळे आहे. हे तिच्या सन्मानासाठी केलेले नव्हते, मजुरांची मोजदाद होती. तरी तिचा माग लागतो.

माझ्या आजीचा माग मला लागत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेताच्या जुन्या कागदांवर आजोबांचे नाव बापाच्या नावासह आहे, मध्ये ‘वल्द’ घालून. आजी आधी ‘जौजे’ म्हणून येते आणि आजोबा गेल्यावर ‘बेवा’ म्हणून. तिचे लग्नाआधीचे नाव तिने एकदा सांगितले होते असे माझी आई म्हणते. ते काय होते, हे आईलाही आठवत नाही.